सातवा डोळा

निफाड तालुक्यांत आमच्या काकांची द्राक्षबाग आहे. यंदा ऑक्टोबरच्या छाटणीला त्यांनीं मला मुद्दाम बोलाविलें. पण गतवर्षींची आठवण होऊन माझा हात कात्रीकडे जाईना.

युरोपांत द्राक्षवेल हिवाळ्यांत पानें गाळून निजते व त्या निद्रेंतच तिची छाटणी उरकतात. आपल्याकडील वेल तशी निजत नाहीं. म्हणून वर्षांतून दोनदां कात्री चालवावी लागते. एप्रिलच्या खरडछाटणींत काडी अगदीं एका-दोन डोळ्यांवर आणतात. मग जी नवी काडी वाढते, तिच्या डोळ्यांत पुढील दोनेक महिन्यांतच घड सूक्ष्मरूपानें धरतो. ऑक्टोबरांत तो डोळा राखून पुढची काडी कापावयाची, आणि डोळ्याला हायड्रोजन सायनामाइड लावून जागें करावयाचें. तेवढी थंडी आपल्याकडे कोठली! थॉमसन जातीच्या काडींत बुडाकडील डोळे बहुधा वांझ असतात. घड नेमका कितव्या डोळ्यांत आहे हें हल्लीं सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून घेतात.

काकांनीं तसें करून छाटणीच्या टोळीला सातवा डोळा सांगितला होता. मला विचारावेंसें वाटलें नाहीं. मीं पूर्वीं पाहिलेली छाटणी एप्रिलची. काका नाशिकला गेलेले पाहून मीं मोठ्या हौसेनें एक सबंध ओळ दोन-दोन डोळ्यांवर आणून ठेवली. पेठकडून आलेली एक प्रौढ बाई शेजारच्या ओळींत होती. तिनें दोनदां थांबून पाहिलें, पण ती बोलली नाहीं. मालकाच्या शिकलेल्या पुतण्याला कोण सांगणार?

संध्याकाळीं काका खालीं पडलेल्या काड्यांपाशीं क्षणभर उभे राहिले. "चल, दिवेलागण झाली," एवढेंच म्हणाले. पुढें त्या ओळीला हिरवागार पाला आला. फेब्रुवारींत शेजारच्या वेली घडांनीं लवल्या, येथें औषधालाही घड नव्हता. केवड्याच्या भीतीनें फवारणी मात्र तिच्यावरही इतरांइतकीच करावी लागली. काका रागें भरते तर बरें झालें असतें.

यंदा त्यांना डोळे नीट दिसत नाहींत. ते काडी बोटांनीं चांचपून मोजतात व अंगठा टेकवून "येथें" म्हणतात. चार काड्या मीं तशा कापल्या. ती बाई यंदाही आलेली होती. तिला हांक मारून मीं विचारलें, "मावशी, बरोबर आहे ना?"

तिनें माझ्या हातांतली कात्री घेतली, नवी काडी धरली व डोळ्यापासून बोटभर पुढें कापून दाखविली.

"अगदी खेटून नका कापू," ती म्हणाली, "डोळा सुकतो."