किराण्याची खेप

अलास्कात मी आलो तो हिमनद्यांवर विमान उतरवायला. स्की लावलेलं छोटं विमान घेऊन गिर्यारोहकांना डेनालीच्या पायथ्याशी सोडायचं; दुर्गम भागात उडणारा खरा ‘बुश पायलट’ तो, असं माझं ठाम मत होतं. बेथेलहून खेड्यापाड्यांत किराणा पोचवण्याला मी हमाली म्हणायचो. आता विचाराल, तर त्या हमालीलाच मी मोठं काम म्हणेन.

बेथेल ज्यात आहे, त्या युकॉन आणि कुस्कोक्विम नद्यांच्या त्रिभुज प्रदेशात युपिक लोकांची पन्नासेक गावं आहेत. सगळीकडे तळी, दलदल आणि खाली कायम गोठलेली माती. रस्ता टिकणार कसा? उन्हाळ्यात नदीतून बार्ज येतात, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून गाड्या धावतात. नदी धड वाहतही नाही आणि धड गोठतही नाही, तेव्हा फक्त विमान. ‘जिथे रस्ता तिथे एसटी’ ऐकत मी वाढलो. इथे बिनरस्त्याची एसटी आम्हीच.

‘बायपास मेल’ या सोयीत दुकानदार किमान १,००० पौंडांची ऑर्डर देतो. माल टपालाच्या दराने, पण टपाल कचेरीत न जाता थेट विमान कंपनीकडे येतो. बेथेलला डायपर, पीठ, अंड्यांचे ट्रे असं सगळं वजन करून आमच्या सेस्ना २०७ मध्ये चढतं.

माझं मत फिरलं ते एका नोव्हेंबरात. धुक्यामुळे कित्येक दिवस उड्डाणं बंद होती. पहिली खेप घेऊन उतरलो आणि मालाबरोबर दुकानापर्यंत गेलो. दूध पावडरीचा खण रिकामा होता. त्याच्यापुढे एक आजी उभ्या होत्या. खोका फोडून डबा हातात पडेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.

१९२४ साली कार्ल बेन आयल्सनने फेअरबँक्सहून मॅकग्राथला विमानाने टपाल नेलं. कुत्र्यांच्या गाड्यांना त्या वाटेवर आठवडे लागत, त्याला तीन तासही लागले नाहीत. पूर्वी मला त्यात त्याचं धाडस दिसायचं, आता त्या टपालाची वाट बघणारी माणसं दिसतात.

म्हणूनच निघण्याआधी मी गावागावांतल्या हवामान कॅमेऱ्यांची चित्रं नीट बघतो आणि क्षितिज दिसत नसेल तर थांबतो. उशिराचं वाईट वाटतंच. पण गावाला एकदा जिवावर उदार होऊन येणारा पायलट नको असतो. वर्षानुवर्षं येत राहणारा हवा असतो. मला तसा पायलट व्हायचंय.