वाडा उतरणार की नाही, हे अजून ठरत नाही



दसरा झाला की आमच्या न्हावऱ्याच्या रस्त्याला घोडी दिसायला लागतात. पाठीवर पाल, भांडी, कोंबड्यांचं खुराडं, वर बांधलेलं एखादं लहान पोर आणि पोराच्या मांडीवर कुत्र्याचं पिल्लू. मागं मेंढरं. श्रीगोंद्याकडून घोड नदी ओलांडून हा वाडा येतो आणि आमच्या रानात आठ-दहा दिवस उतरतो. मग तळेगाव ढमढेरे, शिक्रापूर, चाकण करत बोरघाट उतरायचा आणि पेणच्या खाडीकाठी पोचायचं. तिथं भात कापून खाचरं मोकळी झालेली असतात. मृगाच्या आत माघारी फिरायचं, कारण कोकणातल्या पावसात आपल्या दख्खनी मेंढराची खुरं कुजतात.

माझ्या रानात उतरणाऱ्या वाड्यात चार बिऱ्हाडं आणि लहान-मोठी मिळून साडेचारशे मेंढरं. कारभाऱ्याला आम्ही नाना म्हणतो. त्यांच्या वडलांचा वाडा माझ्या वडलांच्या रानात बसायचा. तेव्हा पैशाचा विषय नसायचा. आठ दिवसांची बाजरी, थोडी डाळ, मिरच्या, निघताना गुळाचा खडा. आता रात्रीला सहाशे रुपये आणि वर अर्धं पोतं बाजरी.

माझा पुतण्या कृषी पदविका झालेला आहे. त्यानं मागच्या वर्षी मला हिशोब घातला, "काका, हे परवडतं का?" मी म्हटलं, मोजू या. वाघरीत मेंढरं रात्रभर दाटीनं बसतात. सकाळी वाघर उठवल्यावर दहा बाय दहा फुटांचा चौकोन आखला, लेंड्या खराट्यानं गोळा करून वजन केलं. साडेपाच किलो भरलं. रात्रीची वाघर साधारण तीन गुंठ्यांची, म्हणजे पावणेदोनशे किलो ओली लेंडी. रोज वाघर पुढं सरकवायची, असं आठ रात्रीत चोवीस गुंठे झाले. एकूण चौदाशे किलो ओली, वाळून सव्वासहाशे धरा. वाळलेल्या लेंडीत शेकडा ३ च्या आसपास नत्र, १ स्फुरद, २ पालाश असं पुस्तकात आहे. म्हणजे नत्र आलं १९ किलो. पुतण्या हसला. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २० किलोच्या वर नत्र असतं आणि गोणी मिळते २६६ रुपयांना. आपण दिले ४,८०० आणि बाजरी वेगळी!

गणित त्याचं बरोबर आहे. पण तुलना चुकीच्या मालाशी आहे. युरियाशी नाही, शेणखताशी करा. आमच्याकडं शेणखताची ट्रॉली सहा-सात हजारांच्या खाली येत नाही. तीन टन धरली तर त्यात नत्र १५ किलो, आणि ते भरायचं, ओतायचं, पांगवायचं याची मजुरी वेगळी. मेंढरू स्वतःच पांगवतं. शिवाय रात्रभराचं मूत जागेवर मुरतं, ते माझ्या वजनकाट्यावर आलेलंच नाही. माझ्या मातीचा सेंद्रिय कर्ब तपासणीत ०.४ च्या आसपास आहे. वर्षानुवर्षं ऊस, त्यावर खोडवा, पाचट पेटवलेलं. अशा मातीला नुसती गोणी घालून काय होतं ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक.

त्या चोवीस गुंठ्यांत मी गहू केला आणि युरियाचा एक हप्ता कमी दिला. गव्हात डोळ्याला फार फरक दिसला नाही, उगाच फुगवून सांगत नाही. पण मागून उन्हाळी भुईमूग घेतला तेव्हा शेजारच्या तुकड्यापेक्षा पाणी दोन दिवस उशिरा मागत होतं. आणि एक तोटाही सांगतो, बाभळीची रोपं बरीच उगवली. शेंगा खातात, बी लेंडीतून बाहेर पडतं. पहिल्या खुरपणीला काढून टाकायची.

एकदा माघात मी नानांकडं पेणला जाऊन आलो. बाजरी संपली असा त्यांचा फोन आला होता आणि मलाही ते रान बघायचं होतं. धरमतरच्या खाडीकडचा तो खारेपाट. समुद्राचं पाणी आत येऊ नये म्हणून घातलेले मातीचे बांध, बांधाच्या अलीकडं भाताची खाचरं. बांध फुटला की खारं पाणी आत, मग ते रान काही वर्षं भाताच्या कामाचं राहत नाही. गाव लांब, झाड एखादंच, आणि मधोमध आपल्या घाटावरच्या माणसांची चार पालं! गोडं पाणी हंड्या-कळशांनी लांबून आणायचं, हे काम बायांकडं. पहाटे दव इतकं पडतं की घोंगडी पिळावी लागते. खाचरातल्या ओलीवर तिकडं वाल करतात, त्यामुळं कुठलं खाचर मोकळं, कुठल्यात वाल, हे पोरांना आधी दाखवून ठेवावं लागतं. मेंढरू वालात शिरलं तर भांडण ठरलेलं. पण ज्याच्या खाचरात वाघर लागते तो शेतकरी भात मापून देतो. आमच्याकडं बाजरी, तिकडं तांदूळ. एवढाच फरक. दोन-तीन खाचरांत भराव टाकलेला दिसला, चारी बाजूंनी पत्रे उभे. नाना म्हणाले, "पुढल्या साली इथं वाघर लागायची नाही."

वाटेतलं चाकण तर विचारूच नका. कंटेनरच्या मधनं मेंढरं काढायची म्हणजे रात्री दोन-तीनला निघायचं. स्पेनमध्ये १९९५ साली कायदा करून मेंढरांच्या जुन्या वाटा राखून ठेवल्या आहेत. २०२६ हे वर्ष तर संयुक्त राष्ट्रांनी गवताळ रानं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलेलं आहे. चाकणच्या चौकात याची खबर पोचलेली दिसत नाही.

आता मूळ मुद्दा. परवा नानांचा फोन आला. येतो, जातो असं न बोलता पहिला प्रश्न, "बापू, औंदा रानाच्या कडंला ऊस किती?" त्यांचं बरोबर आहे. शिरूर तालुक्यात बिबट्या आता सांगायची गोष्ट राहिलेली नाही, उसातच त्याचा संसार आहे. मागच्या साली आमच्याच शिवारात दुसऱ्या वाड्याचं कुत्रं गेलं, चार दिवसांनी करडू गेलं. मेंढराचं एक वेळ सोसतील, पण वाड्यात चार-पाच वर्षांची पोरं आहेत आणि ती उघड्यावर झोपतात. मामी, म्हणजे नानांच्या मंडळी, फोनवर मागून बोलल्या, "दादा, बांधाला नको. मधल्या मोकळ्या रानात जागा द्या, न्हाई तर आम्ही भीमेकडनं जातो."

मधलं मोकळं रान म्हणजे माझे विहिरीजवळचे दोन एकर. तिथं खोडवा मोडला आहे आणि घरच्यांच्या मनात लगेच उसाची लागण आहे. मी लागण पुढं ढकलावी, तिथं वाडा बसवावा, मग हरभरा करावा असं म्हणतोय. घरात यावर दोन दिवस धुसफूस चालू आहे. पोराचं म्हणणं, आठ रात्रीत चोवीस गुंठेच होणार, त्यासाठी दोन एकर कशाला अडवायचे? मी म्हटलं, वाड्याला चारी बाजूंनी नजर जाईल एवढी मोकळीक लागते. हरभऱ्याचा पैसा उसाएवढा होणार नाही, तेही खरं. पण यंदा वाडा भीमेकडनं वळला तर पुढल्या साली तो इकडं विचारणारच नाही. वाट एकदा मोडली की मोडली.

मी माझ्या बाजूनं एवढं केलं आहे. विहिरीच्या खांबावर मोठा दिवा लावला, तो रात्रभर चालेल अशी सोय केली. शेजाऱ्याला विचारून त्याच्या बांधाकडचं गवत आणि काटेरी झुडपं काढली, म्हणजे उसापासून वाघरीपर्यंत शंभर फूट मोकळं झालं. घोड्यांसाठी कडबा बाजूला ठेवला. दोन एकरांत तणनाशक मारलेलं नाही, हे नानांना सांगितलं. तुमच्याकडं वाडा उतरत असेल तर हे आधी सांगत जा. कोवळी, पाण्याचा ताण बसलेली ज्वारी जवळ असेल तर तीही दाखवा. किराळ लागलं की तासाभरात मेंढरू आडवं होतं.

नाना म्हणाले, नदी ओलांडायच्या आदल्या दिवशी मोठ्या पोराला जागा बघायला पाठवतो, मग ठरवू. पोरगा गुरुवारी येणार आहे. ऊस लागणीचं बेणं सांगितलेल्या माणसाला मी शुक्रवारपर्यंत थांबायला सांगितलंय.