पानं दीडशे, गोष्टी हजार

पुस्तक लिहिताना सगळ्यात अवघड काम कुठलं? लिहिणं? छे! काय लिहायचं नाही, हे ठरवणं.

सध्या मी पोस्टग्रेस या डेटाबेसवर मराठीत एक छोटं पुस्तक लिहितोय. वाचक ठरलेला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला, सिनिअरच्या नोट्सवर जगणारा, हॉस्टेलवरचा सेकंड इयरचा विद्यार्थी. पानं दीडशे, त्याहून जाड पुस्तकाची झेरॉक्स कुणी काढत नाही! आणि पोस्टग्रेसचं मूळ मॅन्युअल दोन हजार पानांच्या वर. म्हणजे कात्री आलीच.

जो तो आपली यादी पुढे करतो. सर म्हणतात, सिलॅबस धर. मित्र म्हणतात, इंटरव्ह्यूला ट्रिगर विचारतात, तो घे. कुणी म्हणतं, जे नवीन ते घे. पण नव्याचं काही खरं नसतं. माय-एस्क्यूएलमधला क्वेरी कॅश कसा वापरायचा, हे एके काळी पुस्तकांतून सविस्तर शिकवायचे. २०१८ मध्ये ८.० आवृत्ती आली आणि तो कॅशच काढून टाकला. उलट एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेली टेबलांची कल्पना आजही तशीच उभी आहे.

शेवटी मी एकच कसोटी लावली. ही गोष्ट माहीत नसेल, तर डेटा जाईल का? किंवा उत्तर चुकेल आणि चुकलंय हे कळणारही नाही, असं होईल का? 'हो' असेल तर प्रकरण आत.

ट्रान्झॅक्शन लगेच आत आलं. मेसच्या हिशोबात एका खात्यातून पैसे वजा झाले, दुसऱ्यात जमा व्हायच्या आधी लाईट गेली, तर काय? एकतर दोन्ही नोंदी होतात, नाहीतर एकही नाही, ही हमी तिथेच मिळते.

मग 'नल'. हा हॉस्टेलचा नळ नव्हे, पण दोघांचाही भरवसा नाही! नल म्हणजे शून्य नव्हे, 'माहीत नाही'. समजा, मेस न लावलेली मुलं 'नॉट इन' वापरून शोधायची आहेत. मेसच्या टेबलात एका पाहुण्याचा रोल नंबर नल असेल, तर पडद्यावर एकही नाव येत नाही. एररही नाही! वाचणारा खुशाल समजतो की सगळ्यांनी मेस लावलीय. अशा ठिकाणी 'नॉट एक्झिस्ट्स' वापरायचं. या एका गोष्टीला मी सहा पानं दिली.

कन्स्ट्रेंट्स आत. बॅकअप आत, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो रिस्टोअर करून बघणंही आत.

इंडेक्सपाशी मात्र कसोटी अडली. इंडेक्स नसला तरी उत्तर बरोबरच येतं, फक्त उशिरा. तरीही तो घेतला. कारण लाखभर ओळींवर क्वेरी रेंगाळली की पोरं डेटाबेसलाच शिव्या घालतात. 'एक्सप्लेन' लिहून तो आत काय करतोय हे बघता आलं, तर शिव्यांऐवजी विचार सुरू होतो.

जेसनबीचं सगळ्यात जड गेलं. २०१४ च्या ९.४ आवृत्तीत आलेली ही सोय खरोखर उपयोगाची आहे. पण नवशिक्याच्या हाती पहिल्याच दिवशी दिली, तर तो सगळा डेटा एकाच कॉलममध्ये कोंबेल आणि टेबलं कशी आखायची हे शिकायचंच राहील. म्हणून तिला फक्त दोन पानं, तीही शेवटी.

ट्रिगर, पार्टिशनिंग, रेप्लिकेशन बाहेर राहिले. यामुळे कुणीतरी इंटरव्ह्यूत अडेल, हे मला दिसतंय. त्याच्यासाठी शेवटच्या पानावर न घेतलेल्या गोष्टींची यादी देतोय: नाव, एका ओळीत उपयोग आणि मॅन्युअलमध्ये कुठे बघायचं ते. ट्रिगर त्याला रात्रभर जागून वाचता येईल. गेलेला डेटा मात्र कितीही जागलं तरी परत येत नाही.