अथेन्समधील रात्रीचे जेवण

वाचकहो, अथेन्सला कधी जाणे झाले, तर रात्रीच्या जेवणाची घाई करू नका. तेथील मंडळी नऊ-दहाच्या आत भोजनगृहाकडे फिरकत नाहीत. सात वाजता जाऊन बसाल, तर सोबतीला परदेशी प्रवासीच तेवढे असतील.

अक्रोपोलिसच्या दक्षिणेस कुकाकी नावाची वस्ती आहे. अशा वस्त्यांतून आता नव्या धर्तीची भोजनगृहे दिसतात. निळ्यापांढऱ्या चौकड्यांचे मेजपोस तेथे नसतात. मंद दिवे, उघड्यावर राबणारे स्वयंपाकी आणि बशीत थोडकेच पण रेखीव वाढलेले अन्न! प्रथमदर्शनी वाटते, हे पॅरिसातही मिळाले असते. घास घेतला की मत बदलते.

आरंभी फावा मागवा. सान्तोरिनी बेटावरच्या पिवळ्या डाळीचे हे घोटलेले घट्ट वरणच म्हणा ना! वर ऑलिव्हचे तेल आणि कांदा. ही डाळ आपल्याकडील लाखेच्या कुळातली आहे.

मुसाक्याची कथा निराळी. वांगी आणि खिमा यांवर दूध-मैद्याचा जो जाड पांढरा थर असतो, तो प्राचीन नव्हे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निकोलाओस त्सेलेमेन्तेस या पाकशास्त्र्याने फ्रेंच वळणाचा हा थर रूढ केला. त्याचे पुस्तक इतके घरोघरी गेले की, ग्रीक भाषेत पाककृतींच्या पुस्तकालाच 'त्सेलेमेन्तेस' म्हणू लागले. ग्रीक स्वयंपाकातून तुर्की वळण आणि मसाले काढून टाकावेत, असा त्याचा आग्रह असे.

पण मसाले असे जातात थोडेच! 1923 च्या लोझान येथील करारान्वये लोकसंख्येची अदलाबदल ठरली. तिच्या आगेमागे दहा लाखांहून अधिक ख्रिस्ती लोक आशिया मायनर सोडून ग्रीसमध्ये आले आणि लाखो मुसलमानांना ग्रीस सोडावे लागले. घरे मागे राहिली. जिरे आणि दालचिनी यांची चव तेवढी बरोबर आली. फाळणी पाहिलेल्या देशातील वाचकांना याहून अधिक काय सांगावे? टोमॅटोच्या रश्श्यातले, जिऱ्याचा दरवळ असलेले लांबट खिम्याचे गोळे आजही स्मिर्ना शहराच्या नावाने ओळखले जातात. निर्वासितांच्या चुलीवरचा हा पदार्थ नवे स्वयंपाकी आता सुबक बशीतून अभिमानाने वाढतात. मला तरी पांढऱ्या थराच्या मुसाक्यापेक्षा तोच अधिक ग्रीक वाटतो.

शाकाहारी असाल तर 'निस्तीसिमा', म्हणजे उपवासाचे पदार्थ, विचारा. त्यांत मांस, अंडी, दूध काही नसते. मात्र कोळंबी आणि अष्टपाद त्यांच्या उपवासाला चालतात, तेवढे आधी विचारून घ्यावे. उपवासाला साबुदाण्याची खिचडी रिचवणाऱ्या आपण त्यांना हसू नये, हे बरे!

पाव बहुधा न मागता येतो आणि त्याचे पैसे बिलात लागतात. शेवटी एखादी गोड बशी किंवा फळांच्या फोडीही न मागता येतात. त्यांना 'केरास्मा' म्हणतात आणि त्यांचे पैसे लागत नाहीत.