भाच्याचा पहिला प्याला

भाच्याने प्रश्न विचारला तेव्हा आम्ही जेवावयास बसलो होतो. "मामा, पहिल्यांदाच घ्यायची असेल, तर घशाला न लागणारी व्हिस्की कोणती?" पत्नीच्या हातातील वाढण्याची पळी क्षणभर थबकली. आम्ही पाण्याचा घोट घेतला आणि उत्तर पुढे ढकलले.

कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत, एका फाउंड्रीत आम्ही गेली अनेक वर्षे नोकरी करीत आहोत. (हे पंचतारांकित विशेषण वसाहतीचे आहे, हॉटेलाचे नव्हे; वसईहून येणाऱ्या पाहुण्यांचा येथे हमखास घोटाळा होतो.) भाचा अभियंता होऊन याच वसाहतीत रुजू झाला. पहिल्या पगाराची पार्टी सहकाऱ्यांनी महामार्गावरील एका धाब्यावर ठरविली होती आणि त्या दिवशी त्याला 'सुरुवात करून देण्याचा' त्यांचा बेत होता. पंचविशी नुकतीच उलटलेली. आपल्या राज्यात बिअर व वाइन एकविसाव्या वर्षी चालते; व्हिस्कीला पंचवीस पूर्ण असावी लागतात आणि वर परवानाही लागतो. 1949 चा दारूबंदी कायदा दुकानांच्या रांगेआड अद्याप उभा आहे, हे पुष्कळांच्या गावीही नसते.

'घेऊ नकोस' असे सांगणे सोपे होते. पण तसे सांगण्याचा अधिकार आम्हांस उरला आहे काय, ही आमची अडचण होती. तिचे कारण पुढे येईलच. आम्ही म्हणालो, "धाब्यावर नको. घरी घे, आमच्यासमोर." आणि बाटली निवडण्याची जबाबदारी अंगावर घेतली.

'स्मूथ' हा शब्द दुकानदारांच्या तोंडी फार. आमच्या मते त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली, मद्य कशापासून झाले. आपल्याकडील बहुतेक स्वस्त व्हिस्कीत उसाच्या मळीपासून काढलेले स्पिरिट असते आणि त्यात थोडे माल्ट मिसळलेले असते. युरोपीय संघ तिला व्हिस्की म्हणावयासही तयार नाही. कोल्हापूरकराला मळीचे अप्रूप नाही. हंगामात रस्त्यानेच तिचा वास सोबत करतो. स्कॉच धान्यापासून होते आणि ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरते. ते लाकूड तिला जो गोडसर, करपट गंध देते, तो ओळखण्यास आमच्या भागातील माणसाला पुस्तक नको. गुऱ्हाळावर काहिलीतील रस आटत आला की शेवटी जो वास सुटतो, त्याच्याशी त्याचे नाते जवळचे. रंगावर मात्र जाऊ नये. स्कॉचलाही कॅरॅमलने रंग देण्याची मुभा आहे.

दुसरी गोष्ट धूर. स्कॉटलंडच्या आयला बेटावरील पुष्कळ व्हिस्कींत जव वाळवताना पीटचा धूर दिलेला असतो. जाणकार त्यावर लुब्ध असतात. नवख्याला ते औषधाच्या कपाटासारखे लागते. तेव्हा ती वगळली. बंगळुरूची अमृत आमच्या मनात होती. आपल्या दारावरून जाणाऱ्या महामार्गाच्या त्या टोकाला ती तयार होते आणि 2004 साली ती ग्लासगोच्या बाजारात उतरली, याचे कौतुकही वाटते. पिंपातून दरवर्षी जे उडून जाते त्याला त्या धंद्यात 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. स्कॉटलंडात तो शेकडा दोनच्या आसपास, तर बंगळुरूच्या हवेत दहाच्याही वर. आपल्याकडचे देवदूत जरा जास्तच तहानलेले, म्हणावयाचे! परंतु त्या उष्णतेत मद्य लवकर मुरते आणि लाकडाचा ठसाही गडद उमटतो. नवख्यासाठी आम्ही अखेर आयर्लंडची जेमसन घेतली. ती तीन वेळा ऊर्ध्वपातित केलेली असते, धूर नसतो आणि जिभेवर हलकी उतरते. आयर्लंड कॅथलिकांचा देश म्हणून ही निवड केली, असे कोणी समजू नये.

एका मित्राने गोव्याहून स्वस्तात बाटली आणून देण्याची तयारी दाखविली होती. परवान्याशिवाय ती हद्दीआड आणणे गुन्हा ठरतो. आम्ही नको म्हटले व कोल्हापुरात, दुकानातून पावतीसह घेतली.

तिसरी गोष्ट पाणी. आमच्या मते बाटलीच्या नावापेक्षा तिचे महत्त्व अधिक. देशी बाटलीवर 42.8 टक्के असा आकडा असतो, विलायतीवर बहुधा 40. तीस मिलिलिटरच्या लहान पेगात त्यामुळे सुमारे दहा ग्रॅम शुद्ध मद्यार्क जातो आणि तो निचरावयास यकृताला साधारण एक तास लागतो. साठ मिलिलिटर पाणी घातले की तीव्रता तेरा-चौदा टक्क्यांवर, म्हणजे वाइनच्या घरात येते. घशाची आग तेथेच शमते. मद्यार्क मात्र तेवढाच राहतो. गुळगुळीतपणाचा धोका तो हाच. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली मद्याचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही, असे जाहीर केले. भाच्याला आम्ही हेही सांगितले. त्याने ऐकून घेतले, आणि प्रश्न मागे घेतला नाही.

आता ते कारण. भाच्याचे वडील, आमचे भावोजी, लग्नापूर्वी मद्याला शिवत नसत. आमच्या घरच्या एका लग्नात, मांडवामागे, आम्हीच त्यांच्या हाती पहिला प्याला दिला होता. "भावोजी, ही अगदी सौम्य आहे," हे शब्दही आमचेच. पुढची सतरा वर्षे बहिणीने काढली. शेवटी जलोदर होऊन पोट फुगले होते. आमच्या एका प्याल्याने ते झाले, असे डॉक्टर म्हणणार नाहीत. बहिणीनेही कधी म्हटले नाही. पण मुलगा कागलला निघाला, तेव्हा ती फोनवर एवढेच म्हणाली, "दादा, तुमच्याजवळ देते."

साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या रात्री, जेवणानंतर बाटली उघडली. औषधाच्या मापाने तीस मिलिलिटर मोजले. पत्नीने तांब्यातून पाणी ओतले. भाच्याने वास घेतला, एक घोट घेतला, तोंड जरासे वाकडे केले.

"कशी आहे?"

"मला वाटलं होतं तितकी वाईट नाही." मग काही वेळाने, प्याल्याकडे पाहतच, "पप्पांना तुम्ही हीच दिली होतीत का?"

त्याला ठाऊक होते. बहिणीने केव्हा सांगितले, आम्ही विचारले नाही.

"नाही," आम्ही म्हणालो. "त्यांना मापही नव्हते आणि पाणीही नव्हते."

त्याने प्याला अर्धा केला आणि उरलेला आमच्याकडे सरकविला. आम्ही तो घेतला नाही. पत्नीने उचलून मोरीत ओतला. मग तिघे पडवीत बसलो. लक्ष्मी टेकडीच्या बाजूने ट्रकांचे दिवे चढत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बहिणीला फोन लावला आणि आधी त्या मांडवाविषयी बोललो.