अभिमानाची दोन नावे

प्राग शहरात व्ल्तावा नदीच्या काठी चेक लोकांचे राष्ट्रीय नाट्यगृह आहे. जर्मन भाषेचा तोरा होता त्या काळात, आपल्या भाषेतही नाटके व्हावीत म्हणून लोकांनी वर्गणी काढून ते बांधले. १८८१ साली ते उघडले आणि त्याच वर्षी जळाले. पुन्हा वर्गणी निघाली आणि १८८३ साली पडदा पुन्हा वर गेला. रंगमंचाच्या माथ्यावर सोनेरी अक्षरांत लिहिले आहे, 'राष्ट्राने स्वतःसाठी'.

शेजारच्या खुर्चीवर एक आजीबाई होत्या. त्यांना मी विचारले, "तुमच्या भाषेत अभिमानाला काय म्हणतात?"

"हृदोस्त," त्या म्हणाल्या, आणि लगेच बोट उभारून, "पीखा नव्हे हं!"

(हे संभाषण चालले होते जर्मनमधून, ही त्यातली मौज.)

'हृदोस्त'मधला र आपल्या ऋसारखा स्वरच आहे, त्यामुळे मराठी कानाला त्यात हृदय ऐकू येते. पण आपल्या हृदयाचे नाते आहे ते त्यांच्या 'सृद्त्से'शी. हृदोस्तचे कूळ निराळे, आणि थोडे बदनामही. त्याच मुळातून निघालेल्या शब्दाचा अर्थ स्लोव्हेनियात 'कुरूप' होतो, तर पोलंडमध्ये 'तिरस्कार करणे'! चेक आणि स्लोव्हाक लोकांनी मात्र त्याला मानाच्या पाटावर बसवले. शूर वीराला दोघेही म्हणतात 'हृदिना'. १९९३ साली दोघांनी वेगळ्या चुली मांडल्या, पण हा शब्द दोन्ही घरांत राहिला.

पीखाचे मूळ धापा टाकण्यात, फुंकण्यात. पावसानंतर रानात उगवणाऱ्या एका गोल भूछत्राला चेक लोक 'पीखाफका' म्हणतात. ते पिकल्यावर पाय पडला की फुस्स होऊन धूर सोडते. आपणही गर्विष्ठ माणसाला 'फुगलाय' म्हणतोच की! तरीही एखाद्या शहराचे भूषण सांगताना हाच शब्द कौतुकानेही येतो.

"मग दोन्हींत फरक कोणता?" मी विचारले.

१९६८ च्या ऑगस्टमध्ये परकी रणगाडे प्रागमध्ये शिरले तेव्हा आजीबाई शाळकरी पोर होत्या. सैनिकांना वाट सापडू नये म्हणून लोकांनी गल्लोगल्लीच्या पाट्या काढून टाकल्या. त्यांचे वडील तसे भित्रे, साहेबासमोर मान खाली घालणारे. त्या रात्री ते स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बाहेर पडले आणि कोपऱ्यावरची पाटी कोटाखाली लपवून घरी आले. कोणाला काही बोलले नाहीत.

"ती हृदोस्त," आजीबाई म्हणाल्या. इतक्यात दिवे मंद झाले, आणि त्यांनी चष्मा चढवला.