रुपया की रियाल?

अल्लाहच्या मेहरबानीने मागच्या वर्षी आम्ही दोघे अम्मींना घेऊन उमरा करून आलो. हरमची पहिली झलक, तवाफ, मदिनेतल्या नमाजा यांबद्दल आमच्यापेक्षा चांगले लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्हाला सांगायची आहे ती एक लहान गोष्ट. बीड जिल्ह्यातून उमऱ्याला जाणाऱ्या आपल्या बहिणी-भावांना ती उपयोगी पडेल.

आमच्या प्रवासाचा पैसा कापसाचा होता. माजलगाव तालुक्यात अम्मींच्या नावावर थोडे रान आहे. चार हंगाम त्यांनी त्यातून पैसे बाजूला टाकले. कापूस जिनिंगवर गेला की अम्मी स्वतः वजनकाट्यापाशी उभ्या राहायच्या आणि आकडा वाचल्याशिवाय गाडी खाली करू द्यायच्या नाहीत. निघण्यापूर्वी त्यांनी नियत केली होती की परतल्यावर जे उरेल ते शेजारच्या यतीम मुलीच्या कॉलेजच्या फीला द्यायचे. म्हणजे तिथे खर्च होणारा प्रत्येक रुपया आमच्याकडे अमानत होता.

मदिनेत मस्जिद-ए-नबवीजवळच्या एका दुकानात आम्ही अज्वा खजूर, जानमाज, तसबीह आणि पोरांसाठी कपडे घेतले. बिल झाले ४०० रियाल. गल्ल्यावरचा मुलगा आपल्याच बोलीत म्हणाला, "भाभी, रुपये में काट दूँ?" परमुलुखात रुपयाचे नाव ऐकून बरे वाटले. मशिनवर दोन आकडे आले होते, एक रियालचा आणि एक रुपयांचा. आम्ही रुपयांवर बोट ठेवले. मोबाइलवर मेसेज आला, ९,८०० रुपये.

रात्री खोलीवर आमच्या काफिल्यातल्या एका जाणत्या भाईंना ते दाखवले. त्यांनी कागदावर हिशेब मांडला. सोपे जावे म्हणून रियालचा भाव २३ रुपये धरला, तर ४०० रियालचे झाले ९,२०० रुपये. मशिनने ९,८०० घेतले. वरचे ६०० रुपये कसले? रियालचे रुपये करून देण्याचे. ते काम दुकानाच्या मशिनमागची कंपनी करते, भाव तीच ठरवते आणि आपला नफा त्यातच धरते. एवढ्यावर थांबत नाही. परदेशात व्यवहार रुपयांत झाला तरी आपल्याकडच्या काही बँका त्यावर शुल्क लावतात. आमच्या बँकेने १ टक्का आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लावला. एकूण ९,९१६ रुपये गेले.

तेच बिल रियालमध्ये दिले असते तर? आमच्या कार्डावर परदेशी चलनाचे शुल्क साडेतीन टक्के, म्हणजे ३२२ रुपये, आणि त्यावरचा जीएसटी ५८ रुपये. एकूण साधारण ९,५८०. एका बिलात ३३६ रुपयांचा फरक! तेवढ्यासाठी आपल्याकडे कापूस वेचणारी बाई दिवसभर उन्हात ओणवी असते.

अम्मींनी सगळे ऐकले. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "बेटा, काट्यावरचा आकडा बघितला नाही का?"

आम्हाला त्या वाक्याची शरम वाटली. दुकानदाराने फसवले असे म्हणता येत नव्हते. त्याने विचारले होते, आकडाही समोर होता. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांप्रमाणे ग्राहकाला निवड द्यावीच लागते, आणि ती आम्हाला मिळाली होती. आम्ही ओळखीचे नाव पाहून होकार दिला.

त्यानंतर आम्ही प्रत्येक ठिकाणी आधीच सांगू लागलो, "रियाल में." कुणी न विचारता रुपये दाबले, तर पावती घेण्याआधीच व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगितले. एटीएमवरही असाच प्रश्न येतो. तिथे रुपयांचा भाव नाकारला तरी पैसे निघतात, घाबरायचे कारण नाही. मात्र बँक प्रत्येक वेळी पैसे काढण्याचे वेगळे शुल्क लावते, म्हणून रोज थोडे थोडे काढण्यापेक्षा गरजेपुरते एकदाच काढावे.

भाव ओळखायची एक सोपी युक्तीही त्या भाईंनी दिली. १९८६ पासून एक डॉलर म्हणजे ३.७५ रियाल असा दर बांधलेला आहे. पेपरात डॉलरचा भाव पाहावा, त्याला ३.७५ ने भागावे, रियालचा भाव मिळतो.

आमचे दादाजी मुघल लाइनच्या जहाजाने मुंबईहून हजला गेले होते. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने हाजींसाठी १० आणि १०० रुपयांच्या खास हज नोटा काढल्या होत्या. त्या काळी पैसा हातात मोजला जायचा, कमी झाला की कळायचा. कार्डातला पैसा कमी होताना दिसत नाही, म्हणून जास्त जपावा लागतो.

परतताना वाटेतल्या विमानतळावर चहा घेतला. मशिनवर चहाच्या पैशांआधी तीन आकडे आले, १०, १५, २० टक्के. ती टिप होती. खाली बारीक अक्षरात 'टिप नको' असेही होते. या वेळी आम्ही वाचले आणि तेच दाबले. अम्मींना वाटले, आपण कंजूसपणा केला की काय. पण सईच्या वेळी त्यांची व्हीलचेअर ढकलणाऱ्या मुलाला ठरलेल्या मजुरीवर त्यांनीच वीस रियाल हातात ठेवले होते आणि त्याने दुआ दिली होती. मनाने दिलेले ते देणे. मशिनच्या घाईत कापले गेले ते नव्हे.

जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी बँकेत जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात: परदेशी व्यवहारावर किती टक्के शुल्क आहे, एटीएमचे किती, आणि रियाल भरलेले फॉरेक्स कार्ड कोणत्या भावाने मिळेल. २०२० पासून नव्या कार्डावर परदेशी वापर बंदच असतो, तो स्वतः सुरू करून घ्यावा लागतो. मर्यादाही तिथेच ठरवावी आणि परतल्यावर वापर पुन्हा बंद करावा.

घरी आल्यावर अम्मींनी वही उघडली. उरलेली रक्कम मोजली आणि ते ३३६ रुपये आम्हा दोघांच्या पगारातून त्यात घालायला लावले. "चूक तुमची, त्या पोरीची नाही," म्हणाल्या. फी भरली गेली. अल्लाह आपणा सर्वांना त्याच्या घराची जियारत नशीब करो, आणि हलाल कमाईत बरकत देवो. आमीन.